खिळे ठोकलेलं दार

१

"धाकटीचं एक बरं आहे," सासूबाई म्हणाल्या, "तिला काही दिसत नाही."

स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी बाहेर, नुकतेच धुतलेले केस पिळत, टॉवेल शोधत उभी होते. आत माझे थोरले दीर चहा पीत बसले होते. मी त्यांना दादा म्हणते. बशीत कप टेकल्याचा आवाज आला.

"दिसत नाही, की दिसलेलं दाखवत नाही?"

"एकच ते," सासूबाई म्हणाल्या. "तोंड उघडत नाही ना, मग झालं."

मी टॉवेल न घेताच मागे फिरले. लग्नाला अडीच महिने झालेल्या सुनेबद्दल भिंतीआड याहून वाईट बोललं जातं, हे मला ठाऊक होतं. तरी ते मनाला लागलं. कारण मला पगार मिळतो तो बघण्याचाच.

२

मी टीव्ही मालिकेच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. म्हणजे असं: नायिका दारातून आत येताना पिशवी डाव्या हातात असेल आणि पुढचा शॉट तीन तासांनी घ्यायचा असेल, तर तीन तासांनीही पिशवी डाव्याच हातात हवी. कपातला चहा किती उरला होता, केसाची बट कुठल्या कानामागे होती, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं मी वहीत लिहिते आणि प्रत्येक शॉटआधी आणि नंतर फोटो काढते. सेटवर मला नावाने कोणी हाक मारत नाही. दिग्दर्शक ओरडतात, "ए वही, खिडकी उघडी होती का बंद?" मी सांगते. घरात मी धाकटी, कामावर वही. दोन्हीकडे आपण तोंड न उघडणारी वस्तू आहोत, असं मला कधीकधी वाटायचं.

आमची मालिका थरारक या सदरात मोडते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली एक बाई दोन मुलांना घेऊन पळते, गावोगाव भाड्याच्या खोल्यांत लपते, आणि दर भागाच्या शेवटी नवरा एक पाऊल जवळ येतो. माझ्या वहीत त्या बाईच्या जखमांसाठी वेगळं पान आहे. मेकअपवालीने मला शिकवलंय: माराचा डाग पहिल्या दिवशी जांभळा, चौथ्या दिवशी कडेने हिरवट, सातव्या दिवशी पिवळा, दहाव्याला फिका. भागाभागांत चार दिवस उलटले की डाग तितका उतरायला हवा, नाहीतर लोक पत्रं लिहितात.

आमच्या घरात थोरल्या जाऊबाई कायम लांब बाह्यांचा मोहरी रंगाचा स्वेटर घालायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. उजव्या बाहीचं टोक उसवलं होतं, आणि मोहरी लोकर न मिळाल्याने त्यांनी ते निळ्या दोऱ्याने शिवलं होतं. कणीक मळताना बाही वर जायची. मी बघायचे आणि मनात म्हणायचे, सातवा दिवस. कधी म्हणायचे, पहिला.

नवऱ्याला एकदा विचारलं. तो मोजे शोधत होता. "दादाचं डोकं तापतं कधीकधी," तो पलंगाखाली बघत म्हणाला. "तू लक्ष देऊ नकोस."

तो माणूस वाईट नाही. त्याला मोजेसुद्धा सापडत नाहीत.

३

त्या रविवारी, टॉवेलवाल्या प्रकारानंतर तासाभराने, आम्ही सगळे नाश्त्याला बसलो होतो. सासूबाई, दादा, माझा नवरा, मी आणि ताईंची सहा वर्षांची लेक. तिला सगळे पिंगी म्हणत. ताई शेगडीपाशी उभ्या होत्या. पिंगीला एक सवय होती. खाऊन झालं की ती आपल्या छोट्या, हत्तीच्या आकाराची मूठ असलेल्या चमच्याने ताटलीवर तीनदा वाजवायची: टक, टक, टक. म्हणजे झालं, झालं, झालं. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "अगं, कान किटले." आणि ती दर वेळी वाजवायची.

"काय गं," दादा मला म्हणाले, "तुझं ते काम म्हणजे नक्की काय असतं? बसून बघत राहायचं? त्याचे पैसे देतात?"

सगळे हसले. मीही हसले. एरवी हसून गप्प बसले असते. पण त्या दिवशी कानात ते वाक्य होतं, तिला काही दिसत नाही.

"दाखवू?" मी म्हणाले. "कालपासून या घरात काय काय बदललंय, सांगते."

"सांग की," दादा मागे रेलले.

मी बोटांवर मोजायला लागले. दादांनी बुटाच्या नाड्या बदलल्यात, काळ्या होत्या, तपकिरी घातल्यात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, औषधाचा डबा फ्रीजवरून खिडकीत ठेवलाय. माझ्या नवऱ्याने आरशावरचा टूथपेस्टचा डाग पुसलाय, तेही स्वतःहून. इथे जोरात हशा पिकला. नवरा म्हणाला, "साक्षीदारासमोर गुन्हा करायची सोय राहिली नाही."

"आणि माळ्यावरची निळी बॅग माळ्यावर नाही," मी म्हणाले.

शेगडीपाशी उलथनं थांबलं.

मला ते ऐकू आलं. हे मी इथे स्पष्ट लिहिते आहे, कारण नंतर स्वतःला मी बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या: की मला कळलं नव्हतं, की बोलण्याच्या भरात निघून गेलं. पण उलथनं थांबल्याचं मला ऐकू आलं होतं.

"वा," दादा म्हणाले. ते हसतच होते. "आणखी?"

अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या टेबलाशी सगळे माझ्याकडे बघत होते. मी आणखी एक सांगितलं. पिंगीच्या शाळेच्या कागदांची फाइल नेहमी कपाटाच्या खालच्या खणात असते, तिथे आता जुनी मासिकं आहेत.

पिंगीने चमचा वाजवला. टक, टक, टक. "झालं," ती म्हणाली.

४

सोमवारी संध्याकाळी कामावरून आले तर दादा हॉलमधल्या दिवाणावर गादी घालत होते.

"थोरली माहेरी गेली," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला घेऊन. आईची तब्येत बरी नाही तिच्या."

"कधी येणार?"

"येईल." त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आणि वर जाऊ नकोस. वाळवी लागलीय, औषध मारलंय खोलीत. दाराला कुलूप घातलंय."

आमच्या घरात वर एकच खोली, ताई-दादांची. जेवणाच्या टेबलाशेजारून जिना जातो. मी जिन्याकडे पाहिलं. औषधाचा वास येत नव्हता. पण मला सर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर सर्दी त्याआधीच्या आठवड्यात होती.

चपलांच्या कप्प्यात पिंगीचे शाळेचे बूट होते. असतील, सुट्टीला शाळेचे बूट कोण नेतं. शिवणयंत्राच्या खणात कात्री शोधताना ताईंचा चष्मा हाती लागला. त्या चष्म्याशिवाय त्यांना जिन्याची पायरी दिसत नसे. असेल दुसरा. मी खण बंद केला. फोन लावला, तो बंद होता. "तिकडे रेंज नसते," दादा दिवाणावरून म्हणाले. मी कुणाला फोन लावला हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"तुझं ते बघायचं काम कामावर ठेव," सासूबाई मला हळू आवाजात म्हणाल्या. "घरी आणू नकोस. माझं ऐक."

रात्री जेवण झाल्यावर मी चार ताटं घासून ठेवली. मंगळवारी सकाळी सिंकमध्ये पाचवं ताट होतं. त्यात दोन चमचे. एक मोठा, एक हत्तीच्या मुठीचा.

मी ते घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

५

मंगळवारीच सेटवर ते पहिल्यांदा झालं.

या आठवड्यात आमची नायिका एका नव्या खोलीत लपली होती. खोली म्हणजे तीन भिंती, एक पलंग, एक खिडकी, आणि मागे एक दार. ते दार नुसतं शोभेचं. त्याच्यामागे हातभर अंतरावर स्टुडिओची खरी भिंत आहे आणि मध्ये वाळूच्या पिशव्या. उगाच कुणी उघडू नये म्हणून सुताराने त्याला आतून खिळे ठोकले होते.

शॉटआधीच्या फोटोत दार बंद होतं. शॉटनंतरच्या फोटोत ते बोटभर उघडं होतं.

मी मान वर करून पाहिलं. दार बंद. मी पुन्हा फोटो काढला. फोटोत बोटभर फट.

कोनामुळे असेल. चौकटीची सावली पडली असेल. दिग्दर्शकांना दाखवलं तर ते म्हणाले, "वही, नवीन लग्न झालंय, झोप कमी होते, समजू शकतो." दिवे लावणारे दोघे खिदळले. मी सुताराला गाठलं. तो भला माणूस, मला दारापाशी घेऊन गेला आणि खांदा लावून ढकलून दाखवलं. "चार इंची आहेत," तो म्हणाला. "आतून ठोकलेत. हे दार उघडायचं तर आधी मला बोलवावं लागेल."

"कोणत्या बाजूने ठोकलेत?"

"सांगितलं ना, आतून. मागच्या, भिंतीकडच्या बाजूने."

"मग तुम्ही बाहेर कसे आलात?"

तो हसायला लागला, मग थांबला. "भिंतीच्या कडेने," तो म्हणाला. "पिशव्या नंतर रचल्या." आणि त्याने पुन्हा एकदा दार ढकलून पाहिलं, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

बुधवारी सकाळी सिंकमध्ये पाचवं ताट होतं. दोन चमचे. मोठ्या माणसाने नीट खाल्लं नव्हतं. भाताची एक बाजू तशीच होती.

६

सेटवर आवाज मुद्रित करणारे काका आहेत. कानाला हेडफोन, मांडीवर यंत्र, आणि जगाशी संबंध नाही. बुधवारी शॉटच्या मधोमध त्यांनी हात वर केला.

"कोण भांडं वाजवतंय?"

कुणीच नव्हतं. नायिका पलंगावर मुलांना कुशीत घेऊन बसली होती आणि स्टुडिओत टाचणी पडली तर ऐकू आली असती. पुन्हा शॉट लागला. पुन्हा त्यांनी हात वर केला.

"खोलीच्या आतून येतंय," ते म्हणाले. "त्या दारामागून."

"ऐकू का?" मी विचारलं.

सेटवर मी सहसा विचारलेल्याचंच उत्तर देते, त्यामुळे त्यांनी आश्चर्याने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. नायिकेचा श्वास. एका मुलाचं नाक ओढणं. मग, लांबून, लोकरीत गुंडाळल्यासारखं: टक, टक, टक.

"वाळवी," मी म्हणाले.

"वाळवी असा आवाज करते?" काकांनी विचारलं.

मी हेडफोन परत दिला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाले, "कुणाचं तरी खाऊन झालेलं दिसतंय." ते विनोदाने म्हणाले. त्यांच्या नातीला अशीच सवय आहे म्हणे. लहान मुलांना असतेच, ते म्हणाले.

आमची मालिका घाईची असते. बुधवारचं शूट शुक्रवारी आठ वाजता लोकांच्या घरात. तो आवाज काढता येईल का, हे दिग्दर्शकांनी विचारलं. काका म्हणाले, प्रयत्न करतो.

७

गुरुवारी सकाळी सिंक रिकामं होतं.

मी बराच वेळ त्या रिकाम्या सिंकपाशी उभी होते. मग सासूबाई आल्या. त्यांनी साखरेचा डबा काढायला हात वर केला आणि बांगड्या मागे सरकल्या. मनगटाभोवती चार बोटांचा आणि एका अंगठ्याचा ठसा होता. जांभळा. पहिला दिवस.

"दार लागलं," त्या म्हणाल्या, मी काही विचारायच्या आत.

मला त्यांना म्हणायचं होतं, कुठलं दार. मी म्हणाले, "बर्फ लावा."

माझ्या घशात शब्द होते, खोटं नाही सांगत. बसमध्ये बसल्यावर पूर्ण वाक्यं तयार व्हायची. पण प्रत्येक वाक्याच्या आधी एक वाक्य सांगायला लागायचं: निळ्या बॅगेचं मीच सांगितलं. तिथे गाडी अडायची. जे मी उघड केलं ते मला झाकायचं होतं, आणि जे घरात झाकलेलं होतं ते उघडायचं, तर आधी माझंच उघडं पडणार होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि त्याला सभ्यपणा म्हटलं.

सेटवर दुपारी मी फोटो काढला. डोळ्यांना दार बंद दिसत होतं. फोटोत ते वीतभर उघडं होतं आणि फटीतून एक बाही दिसत होती. मोहरी रंगाची. टोकाला निळा दोरा.

मी कपडेवालीकडे गेले. आपल्या साठ्यात मोहरी स्वेटर आहे का? तिने यादी पाहिली. नाही म्हणाली. मी फोटो मोठा करून पाहिला. बाहीच्या खाली, कमरेइतक्या उंचीवर, दाराच्या कडेला आतून धरलेली चार बोटं होती. लहान. नखांच्या खाली लाकडाचे बारीक तुकडे अडकल्यासारखं काहीतरी. त्यांच्यामागे अंधारात आणखी काय होतं, ते मी बघू शकले असते. फोटो अजून मोठा करता आला असता. मी फोन उलटा ठेवला.

शुक्रवारी सकाळीही सिंक रिकामं होतं.

८

शुक्रवारी आठ वाजता आम्ही चौघं जेवायला बसलो. टीव्ही टेबलासमोरच आहे. आमची मालिका घरात सगळ्यांना आवडते, हेही सांगायला हवं. सासूबाई त्या नायिकेसाठी पदराने डोळे पुसतात. दादा नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला शिव्या घालतात.

"असल्या माणसाला भर चौकात फोडला पाहिजे," दादा घास घेत म्हणाले. "बायकापोरांवर हात टाकतो."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता.

पडद्यावर आमची खोली आली. पलंग, खिडकी. नायिका मुलांना जवळ ओढून बसली. मी ताटात बघत होते. मला दाराकडे बघायचं नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की जे फोटोत आहे ते फक्त माझ्या फोनमध्ये आहे, माझ्या डोक्यात आहे, माझ्या अपराधात आहे. चित्रफितीत दार बंदच असणार. खिळे आहेत. चार इंची.

"ते मागचं दार उघडं का ठेवलंय?" सासूबाई म्हणाल्या.

मी वर पाहिलं नाही. मी दादांकडे पाहिलं.

"उघडं नाहीये," दादा म्हणाले. "कुलूप आहे त्याला."

आमच्या सेटवरच्या दाराला कुलूप नाही. खिळे आहेत. आणि दादा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते जिन्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात विजारीच्या उजव्या खिशावर गेला होता.

टीव्हीतून आवाज आला. काकांना तो पुसता आला नव्हता. टक, टक, टक.

"हे काय मध्येच," नवरा म्हणाला. त्याने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

नायिकेचे ओठ हलत राहिले. खोलीत आमचं, चार माणसांचं, चघळणं थांबल्याची शांतता झाली. मग छतातून, डोक्यावरून, ऐकू आलं.

टक.

नवऱ्याने रिमोटकडे पाहिलं. आवाज बंदच होता.

टक.

आम्ही सगळे तिसऱ्याची वाट बघत होतो. सासूबाईंनी घास धरलेला हात खाली घेतला नव्हता. माझा नवरा छताकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, ज्याला काहीच सापडत नाही त्या माणसाच्या चेहऱ्यावर, काहीतरी सापडत चाललं होतं. दादांनी चमचा उचलला, पुन्हा ठेवला. मी मनात मोजत होते. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत. तिसरी टक आली नाही.

मी उठले. खुर्ची मागे पडली. ती कुणी उचलली नाही.

"मला दिसतं, आई," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसतंय. रविवारी निळ्या बॅगेचं मीच सांगितलं, फाइलचंही मीच, आणि ताईंचं उलथनं थांबलं ते ऐकूनही सांगितलं. त्यांचा चष्मा मशीनच्या खणात आहे. पिंगीचे बूट कप्प्यात आहेत. मंगळवारी सिंकमध्ये पाचवं ताट होतं, बुधवारी होतं. काल नव्हतं, आज नव्हतं. आई, तुमच्या मनगटाचा आज दुसरा दिवस आहे. आणि दादा, कालपर्यंत किल्ली तुमच्या डाव्या खिशात होती, आज उजव्या खिशात आहे. ती टेबलावर ठेवा. मी वर जाते आहे."